हजाराचा वेग आणि विहिणीची भिंत

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? वस्तूवर छापलेल्या आकड्यावर, की ती वस्तू चिमटीत धरून 'शेठ, हे तुमच्या कामाचं नाही' म्हणणाऱ्या माणसावर? थांबा, लगेच उत्तर देऊ नका! लगेच उत्तर मीही दिलं होतं, म्हणून तर आज तुमच्यासमोर गाऱ्हाणं गात उभा आहे. आकडा स्वच्छ होता हो... कॉम्प्युटरचा तो प्रोसेसर, त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत त्याचा वेग छापलेला, एकावर तीन शून्यं. हजार! चष्मा न लावता वाचला मी. आणि बसवून कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर काय? सातशे पन्नास! मधले अडीचशे कुठं गेले? वाटेत सांडले? कुणी खाल्ले? मी एक लिटर सांगून पाऊण लिटर रंग दिला तर तुम्ही माझ्या दुकानाची काच शाबूत ठेवाल का? म्हणून ओरडलो, आणि बरोबरच ओरडलो... दिलेत हजाराचे, पाहिजेत हजार!

पण असं मधूनच नको, मुळापासून सांगतो.

मी रंगाचा दुकानदार. भिंतीचे रंग, दाराचे रंग, लोखंडाला लावायचे, लाकडाला लावायचे... चौतीस वर्षं दुकान. शाळेशी माझं आठवीतच फाटलं, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यामागच्या स्टुलावर. आणि तिथं एकच धडा पाठ केला, माप पुरं द्यायचं. एक गिऱ्हाईक तर असं होतं, तुम्हाला सांगतो, ब्रश घेऊन गेलं आणि तासाभरानं परत आलं, 'ह्यात केस कमी आहेत.' म्हटलं, 'मोजलेत?' म्हणे, 'मोजले.' आता जो माणूस ब्रशाचे केस मोजतो त्याच्याशी काय भांडणार! दिला दुसरा ब्रश. तर तो तिथंच उभा राहून मोजायला लागला... मागं चार माणसं खोळंबलेली, पण मी हूं की चूं केलं नाही. का? तर मापाच्या बाबतीत माझ्याबद्दल कुणाला शंका येता कामा नये. आणि त्याच माझ्यावर ह्या प्रकरणात काय आरोप झाला ते ऐकाल तर... नाही, ते पुढं. आत्ताच सांगितलं तर मला रडू येईल आणि तुमचा विरस होईल.

तर दुकानात एक मशीन आहे, रंग बनवायचं. खाली पांढऱ्या रंगाचा डबा ठेवायचा, वर चकतीला बारा नळ्या, एकेकीत एकेक गडद रंग. कॉम्प्युटरवर छटेचं नाव दाबलं की नळ्या आपापल्या पाळीनं उघडतात, फुस्स्स्... फुस्स्स्... ठरलेला रंग सोडतात, डबा घुसळला की छटा तयार. आज घ्या, पाच वर्षांनी घ्या, तीच. ह्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर मशीनइतकाच म्हातारा. त्यातला प्रोग्राम ज्या कंपनीनं लिहिला तिचं दार कधीच बंद झालं, आणि नव्या कॉम्प्युटरला ह्या मशीनची वायरच बसत नाही. म्हणून तो म्हातारा आम्ही जपतो. मशीन चालवते आमची ही, बारा वर्षं. मी गल्ला आणि गप्पा सांभाळतो, ती मशीन सांभाळते, आणि दुकान नक्की कोण सांभाळतं हा विषय आम्ही घरात काढत नाही.

आता विहीणबाई. लेकीचं लग्न होऊन आठ महिने झाले. सासू निवृत्त मुख्याध्यापिका... निवृत्त शाळेतून हं, स्वभावातून नव्हे! त्यांनी नुसतं आपल्याकडं बघितलं तरी आपली वही घरी राहिलीय असं वाटतं. त्यांनी हॉल रंगवायला काढला. आमची लेक सासूला म्हणाली, 'आई, रंग आमच्या बाबांकडून घेऊया. त्यांच्या मशीनवर छटा येते ती तंतोतंत, केसाचा फरक पडत नाही.' छातीठोकपणे सांगितलं पोरीनं! मग विहीणबाई दुकानात आल्या, पर्स मांडीवर ठेवून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, 'व्याही, मला पहाटेचा रंग हवा. पण झोप पूर्ण झालेली पहाट.' आता ही छटा कुठल्या पुस्तकात आहे? पहिला नमुना दाखवला... 'ही पहाट आजारी आहे.' दुसरा... 'ही पहाट नाही, तोंड धुऊन आलेली दुपार आहे.' सतरा नमुने झाले, सतरा! सतराव्याला मान हलली. हिनं ती छटा कॉम्प्युटरमध्ये 'विहीणबाई सतरा' ह्या नावानं ठेवली, तीन भिंती रंगल्या, झकास झाल्या. चौथ्या भिंतीला पुस्तकांचं अजस्र कपाट. ते रिकामं करून सरकवण्यात दोन आठवडे गेले. आणि ज्या मंगळवारी सकाळी पेंटर चौथ्या भिंतीचा रंग न्यायला आमच्या दारात आला, त्याच मंगळवारी सकाळी आमच्या म्हाताऱ्यानं डोळे मिटले. पडदा काळा! गुरुवारी संध्याकाळी विहीणबाईंच्या शाळासोबतिणी यायच्या होत्या, चाळीस वर्षांनी, तो हॉल बघायला.

रेडिओमामाला बोलावलं. हा कुणाचा मामा ते कुणालाच माहीत नाही. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, रेडिओ संपले, मामा उरला, म्हणून कॉम्प्युटर करतो. माणूस गुणी, पण बोलणं... एक वाक्य सुरू झालं की मधल्या वेळात तुम्ही डबाभर रंग विकून परत येऊ शकता. त्यानं झाकण उघडलं, फुंकर मारली, रंगाची एवढी भुकटी उडाली की मामा क्षणभर गुलाबी झाला. मग म्हणाला, 'शेठ... पंखा... अडकलाय.'

'मग सोडव ना!'

'सोडवतो. पण पंख्याखालचा प्रोसेसर... भाजलाय.'

मग त्यानं पिशवीतून दोन चौकोनी पुड्या काढल्या. 'माझ्याकडं हे दोन आहेत, वापरलेले. हा पाचशेचा. तुमचा होता तो पाचशेचाच. आणि हा हजाराचा. तुम्ही... पाचशेचा घ्या.'

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? एक पाचशे, एक हजार, आणि पैशांतला फरक म्हणाल तर दोन ब्रशांचा! वेग दुप्पट, किंमत दीडपटसुद्धा नाही... चौतीस वर्षं धंदा केलेला माणूस मी, असा सौदा समोर असताना पाचशेला हात लावला असता तर माझ्या हाताला काय वाटलं असतं? मी म्हटलं, 'मामा, हजार.'

'शेठ, बोर्ड जुना आहे.'

'बोर्ड मी बघून घेईन.'

हे मी म्हणालो. बोर्ड मी बघून घेईन! मदरबोर्ड कशाला म्हणतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, पण बोलताना माणूस थांबतो का?

बसवला. सुरू केला. पडदा उजळला, मी गल्ला सोडून पुढं आलो, आणि बघतो तर... सातशे पन्नास. मी चष्मा लावला. सातशे पन्नास. चष्मा पुसला. सातशे पन्नास! दुकानात पेंटर उभा, ही उभी, कोपऱ्यावरच्या शिंपिणीबाई दाराला पांढरा रंग बघायला आलेल्या, आणि मी सगळ्यांसमोर कडाडलो, 'मामा! दिलेत हजाराचे, पाहिजेत हजार!'

मामानं शांतपणे हात पुसले. 'शेठ... कसं आहे... प्रोसेसर आपल्या मनानं पळत नाही. खालचा बोर्ड ठेका धरतो, आणि त्या ठेक्याच्या साडेसात पट हा पळतो. तुमच्या बोर्डाचा ठेका शंभराचा. शंभर साडेसाती... साडेसातशे.'

साडेसात पट! आता ज्या वस्तूचा गुणाकारच साडेसातीचा, ती घरात आणणारा मी... पण तेव्हा कुठं लक्षात येतंय! मी म्हटलं, 'मग ठेका वाढव!'

'एकशे तेहेतीसचा केला तर हजार होतील. पण बोर्डाला तो झेपायचा नाही. म्हातारा आहे. हजाराचा माणूस साडेसातशेनं चालला तर काय बिघडलं, शेठ? थंड राहील, वर्षानुवर्षं टिकेल.'

'अगदी बरोबर,' शिंपिणीबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं होतं? ही म्हणाली, 'अहो, पेंटर ताटकळलाय, चालतंय ना, मग चालू द्या.' चालू द्या कसं? अगं, अडीचशे! अडीचशेचा प्रश्न आहे! उद्या कुणी म्हणेल रंगवाल्यालाच मापात गंडवलं! मी आपला एकच धोशा धरला, दिलेत हजाराचे, पाहिजेत हजार, दिलेत हजाराचे, पाहिजेत हजार... पाचव्यांदा म्हणालो तेव्हा मामा उठला, बोर्डावरच्या बारीक सुयांवर एक इवलीशी प्लॅस्टिकची टोपी असते, ती त्यानं चिमट्यानं काढली आणि शेजारच्या सुयांवर बसवली. एवढंच! एक टोपी! म्हणाला, 'अडकला तर मला बोलवू नका.' कॉम्प्युटर सुरू केला... घरघरला... खोकला... आणि पडद्यावर आले!

एक हजार.

काय सांगू तुम्हाला! मी ती संख्या शिंपिणीबाईंना वाचून दाखवली, पेंटरला दाखवली, रस्त्यावरून पार्सलवाला चालला होता, त्याला आत बोलावून दाखवली. तो म्हणाला, 'हे काय असतं?' म्हटलं, 'पुरं माप असतं!' मामा प्रोसेसरचे पैसे मोजून, मान हलवत निघून गेला. हिनं 'विहीणबाई सतरा' दाबलं. नळ्या उघडल्या, मिटल्या, अहो, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम तमाम! मी म्हटलं, 'बघ! ह्याला म्हणतात वेग!' ही मशीनकडं जरा चमकून बघत होती, काहीतरी म्हणणार होती, पण मी बोलत असताना मध्ये तोंड घालायला फट कुठं मिळते?

आणि आता माझी चूक ऐका. चौतीस वर्षांचा आमच्या दुकानाचा रिवाज आहे, डबा घुसळला की बोटभर रंग झाकणावर टिपायचा, वाळू द्यायचा, नमुन्याशी ताडून बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ओला रंग फसवतो हो, वाळल्यावर खरं तोंड दाखवतो. त्या दिवशी मी टिपका दिला... दिला, खोटं कशाला सांगू... पण वाळेपर्यंत झाकणाकडं बघायचं सोडून मी पडद्यावरच्या हजाराकडं बघत बसलो. पेंटर डबा घेऊन गेला.

तीन वाजता लेकीचा फोन. आवाज असा, की जणू कपाटात शिरून बोलतेय.

'बाबा... तुम्ही रंगात काही केलंय का?'

'काय केलंय?'

'भिंत फिकी आलीय. अर्धी रंगवून झाली आणि आई पेंटरच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. चष्मा काढला, लावला, परत काढला. आणि म्हणाल्या...' पोरीनं आवाज आणखी खाली आणला. '...म्हणाल्या, "तुझे वडील रंगात पाणी घालतात का गं?"'

पाणी! माझ्या रंगात पाणी! ब्रशाचे केस दोनदा मोजू देणारा माणूस मी! फोन हातातून सुटायचा राहिला. मी म्हटलं, 'तू काय म्हणालीस?'

'मी म्हटलं, नाही घालत. त्या म्हणाल्या, "मग तंतोतंत येतो म्हणालीस तो हाच का?" बाबा, आठ महिन्यांत ह्या घरात मी एकच गोष्ट ठासून सांगितली होती. पुढं नुसतं "बरं" म्हणाल्या. तुम्हाला माहितीय का त्यांचं "बरं" कसं असतं ते? उद्या संध्याकाळपर्यंत भिंत जमली नाही तर चारही भिंती दुसऱ्या दुकानातून आणून पांढऱ्या करणार आहेत. आणि मी... मी ह्यापुढं ह्या घरात मीठ कमी आहे असंसुद्धा सांगू शकणार नाही.'

तुम्हाला सांगतो, फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्या हजाराकडं माझी पाठ झाली. भिंतीचं जाऊ द्या हो, भिंत काय, परत रंगवता येते. लेकीचा फिका पडलेला शब्द परत कसा रंगवायचा?

मग सुरू झाली शोधाशोध. नळ्या धुतल्या, बरण्या तपासल्या, नवा डबा फोडला, परत 'सतरा' दाबलं... फिका! आजारी माणसाच्या जिभेचा रंग! मी म्हटलं, हात्तिच्या, सोपं आहे, दोनदा दाबू! दोनदा दाबलं, तर ह्या वेळी पहाट उलटून पार संध्याकाळ झाली, कारण नळी उघडताना पहिला एक गोळा आपल्या मनानं टाकते, तो दोनदा पडला. पाच डबे बिघडवले. पाच! दुकानात पाच वेगवेगळ्या पहाटा उघड्या पडल्या होत्या आणि एकीचीही झोप झाली नव्हती.

बुधवारी सकाळी ही मशीनसमोर स्टूल टाकून डोळे मिटून बसली. मी म्हटलं, 'अगं, झोपा कसल्या काढतेस?' म्हणाली, 'गप्प बसा जरा, ऐकू द्या.' बटण दाबलं. फुस. फुस. फुस. हिनं डोळे उघडले.

'अहो, हिचा श्वास आखूड झालाय.'

'कुणाचा?'

'मशीनचा. बारा वर्षं ऐकतेय मी. ती फुस्स्स् करायची, लांब. आता फुस करते आणि मिटते. काल तुम्ही वेगाचं कौतुक करत होतात ना, तेव्हाच सांगणार होते.'

मग बोलावलं ना मामाला! बोलवू नका म्हणाला होता, तरी आला बिचारा. त्यानं ऐकलं, पडद्यावर काहीबाही उघडून वाचलं, आणि हसला. मामा हसला की समजावं, आता वाक्य लांबणार. 'शेठ... हा प्रोग्राम जुना. ह्याला घड्याळ ठाऊक नाही. नळी उघडायची आणि आकडे मोजायचे... एक, दोन, तीन... वीस कोटी झाले की नळी मिटायची. ज्यानं लिहिला, त्याच्यासमोर पाचशेचा प्रोसेसर होता. पाचशेला वीस कोटी मोजायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात हा हजारवाला मोजून मोकळा होतो. मग रंग निम्मा पडणार नाही तर काय!'

मला काही उमजेना. तर ही म्हणाली, 'आपली पोर लहानपणी लपाछपीत शंभर कशी म्हणायची? एकदोनतीन-पंचवीसपन्नास-शंभर! आपण अजून पडद्यामागं शिरलोही नसायचो आणि ही शोधायला हजर. तसंच हे.'

तसंच हे! म्हणजे मी पैसे मोजून, भांडून, गाव गोळा करून काय आणलं, तर लपाछपीत लबाडी करणारं कार्टं!

मी म्हटलं, 'मामा, तो पाचशेवाला दे. आत्ताच्या आत्ता. हजारवाला परत घे, वर काय ते पैसे मी देतो.'

'पाचशेवाला... गेला, शेठ.'

'कुठं?'

'काल संध्याकाळी, शिंपिणीबाईंच्या भरतकामाच्या मशीनला. त्यांनी विचारलं, जुन्या बोर्डाला कुठला बरा? मी म्हटलं पाचशेचा. त्या म्हणाल्या, मग तोच द्या.' मामानं दोन बोटं वर केली. 'दोन मिनिटांत झालं.'

बघा! कुणी विचारलं नसताना बोलल्या होत्या ना मंगळवारी? आता शिवताहेत मजेत!

मी स्टुलावर बसलो. अकरा वाजले होते, भिंत पाचपर्यंत जमायला हवी, वाळायला वेळ लागणार तो वेगळा. मामा खाली वाकून बोर्डात डोकावत होता. म्हणाला, 'एक आहे. ह्या बोर्डाला तिसरा एक ठेका आहे. सहासष्ट आणि वर थोडं. तो कुणी वापरत नाही. त्याची साडेसात पट केली तर...' आणि त्यानं हवेत बोटानं हिशेब मांडायला घेतला. तो हातचा घेईपर्यंत हिनं तोंडानं सांगून टाकलं, 'पाचशे.'

पाचशे! तुम्हाला समजतंय का काय चाललं होतं ते? माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच दुकानात, माझ्या हजाराचे पाचशे करायला निघाले होते! आणि गंमत बघा, एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडून काय निघालं असेल? 'अहो पण... दिलेत हजाराचे, पाहिजेत ह...'

हिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. विहीणबाई मुख्याध्यापिका असतील, पण आमच्याकडंही त्या तोडीचं आहे. मग शांतपणे म्हणाली, 'हजार घेऊन काय करणार आहात? त्या पडद्याची पूजा? तिकडं पोरीला "मीठ कमी आहे" म्हणायची चोरी झालीय. मामा, काढा ती टोपी.'

मी मामाला म्हटलं, 'थांब.' उठलो. म्हटलं, 'चिमटा इकडं दे.' माझ्या अडीचशेसाठी भांडलो मी, माझे पाचशे मीच घालवणार. टोपी दोनदा सुटली, एकदा माझ्या बाहीत गेली... पण बसवली. तिसऱ्या सुयांवर. कॉम्प्युटर सुरू केला. घरघर नाही, खोकला नाही, अगदी गुपचूप पडदा उजळला. पाचशे. हिनं 'विहीणबाई सतरा' दाबलं.

फुस्स्स्... फुस्स्स्... फुस्स्स्...

लांब! काय लांब होता तो आवाज! मला माझ्या आयुष्यात कुठल्या गोष्टीचं सावकाशपण इतकं गोड लागलं नव्हतं. डबा घुसळला, झाकणावर टिपका दिला, आणि ह्या वेळी मी त्या टिपक्यासमोर असा बसलो, असा बसलो, की गिऱ्हाईक आलं तरी मान वर केली नाही. वाळला. जुन्या डब्यावरच्या टिपक्याशेजारी धरला. दोन टिपके, आणि मधली रेघच दिसेना! डबा पेंटरच्या हातात दिला नाही, मी स्वतः घेऊन गेलो, मांडीवर धरून, तान्हं बाळ न्यावं तसा.

साडेचारला भिंत झाली. पंखे लावून वाळवली. विहीणबाई आल्या. आधी चष्म्यातून बघितलं, मग चष्म्यावरून. खिडकीचा पडदा लावून बघितलं, काढून बघितलं. कोपऱ्यात जिथं तिसरी आणि चौथी भिंत मिळतात, तिथं नाक लावून उभ्या राहिल्या. आमची लेक दाराच्या चौकटीला धरून उभी, आणि मी... मी आठवीत शाळा का सोडली ते मला नीट आठवलं त्या क्षणी.

'व्याही,' त्या म्हणाल्या, 'काल काय झालं होतं?'

खोटं बोलता आलं असतं. नळी तुंबली होती, डबा खराब निघाला... दहा कारणं तोंडाशी होती, धंद्यात कारणांना तोटा नसतो. पण पाण्याचा आरोप डोक्यावर होता ना! म्हणून सगळं सांगितलं, हजारापासून पाचशेपर्यंत, पार्सलवाल्यासकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे घाईनं सोडवलेलं गणित चुकलं, तेच सावकाश सोडवल्यावर बरोबर आलं.' आणि लेकीकडं वळून म्हणाल्या, 'तंतोतंत आहे गं. तू म्हणाली होतीस तसाच.' बस्स. एवढंच. तर आमची पोर हसली, आणि सासूला म्हणाली, 'आई, सकाळच्या भाजीत मीठ जरा कमी होतं हं.' विहीणबाई म्हणाल्या, 'बरं.' पण हे 'बरं' वेगळं होतं, ते मलासुद्धा समजलं.

झालं, संपलं, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. दुकानात परत आलो तर मामा अजून स्टुलावर बसलेला. म्हटलं, 'काय मामा, राहिलंय काही?'

'मजुरी, शेठ.'

'कसली मजुरी? टोपी मी बसवली!'

'कुठं बसवायची ते मी सांगितलं. हळू करायची मजुरी.'

'अरे, हजाराचे पाचशे केलेस तू! निम्मं काढून घेतलंस, आणि वर मजुरी?'

मामानं पिशवी काखेला लावली. म्हणाला, 'शेठ... पळवायचं काय, कुणीही पळवतं. काल पळवलं त्याचे मी तुमच्याकडून काही घेतले का? हव्या तेवढ्याच वेगानं चालवायला... माणूस लागतो.' मी तोंड उघडलं, तेवढ्यात हिनं गल्ला उघडून त्याच्या हातावर पैसे ठेवलेसुद्धा. वर त्याला म्हणते कशी, 'मामा, ह्यांचीसुद्धा कुठं तशी टोपी असेल तर बघा, दुप्पट मजुरी देईन.'

तेव्हापासून चाललंय हे असं. हजाराचा प्रोसेसर आमच्याकडं पाचशेनं चालतो, थंडगार, तक्रार नाही, अडकणं नाही, सगळे खूश. मी रोज सकाळी पडद्यावर तो आकडा बघतो, एक सुस्कारा टाकतो आणि गल्ल्यावर बसतो. तुम्हाला आता सगळं ठाऊक झालंय, तेव्हा एवढं एकच करा. कुणी विचारलं तर माझ्या बाजूनं एक आकडासुद्धा वाढवू नका, हिशेब अगदी प्रामाणिक ठेवा. घेतले हजार. वापरले पाचशे. आणि उरलेल्या पाचशेंपुढं लिहा... विहिणीच्या भिंतीत जिरले.